भिंतीचे काम कोण करते?

मराठीच्या चर्चासत्रांत गेली काही वर्षे एक विधान हमखास दाद मिळवून जाते. चाळीच्या भिंती पातळ होत्या म्हणून माणसे जवळ होती. फ्लॅटच्या भिंती जाड झाल्या आणि माणसे दुरावली, असे ते विधान. अध्यक्ष मान डोलावतात, श्रोत्यांतली ज्येष्ठ मंडळी हळवी होतात आणि चहापानापर्यंत कुणी त्याची शहानिशा करत नाही. आम्हीही ती केली नव्हती. उलट, चाळजीवनावरचे लेखन शिकवताना हेच वाक्य आम्ही वर्गात अनेकदा उच्चारले आहे, आणि आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतून ते आजही सापडेल. प्रस्तुत टिपण म्हणजे ते विधान मागे घेण्याचा प्रयत्न आहे.

मागे घेण्याचे कारण केवळ तपशिलाची चूक एवढेच नाही. चूक तर आहेच. फ्लॅटमधल्या आतल्या भिंती जाड झालेल्या नाहीत, त्या दिवसेंदिवस हलक्या होत चालल्या आहेत. पण त्याहून गंभीर गोष्ट अशी, की या विधानामुळे घरातल्या शांततेचा प्रश्न स्वभावाच्या खात्यावर जमा होतो. ज्याला आवाज सहन होत नाही तो तुसडा, आत्ममग्न, माणूसघाणा. ज्याला तो सहन होतो तो माणसांत रमणारा. आमचे म्हणणे याच्या नेमके विरुद्ध आहे. घरातली शांतता आधी बांधकामाची बाब आहे आणि मग स्वभावाची. आवाज अडवण्याचे जे काम भिंत करत नाही, ते घरातल्या कुणाला तरी करावे लागते; आणि ते कुणी करायचे हे घरातल्या सत्तेच्या उतरंडीवरून ठरते. सून हळू बोलते, मुले गप्प बसतात, पाहुणी म्हणून राहिलेली भाची पाय न वाजवता चालते. भिंत आपले काम करत नसेल तर घरातले दुबळे माणूस भिंत होते.

साहित्याच्या लोकांना ‘भिंत’ हा शब्द दिसला की लगेच प्रतीक दिसू लागते. ज्ञानेश्वरांनी चालवलेल्या भिंतीपासून मनामनांतल्या भिंतींपर्यंत आम्ही सहज जाऊन येतो; विटेची भिंत मात्र वाटेत राहून जाते. म्हणून आधी थोडे गवंड्याच्या भाषेत बोलू.

हवेतून येणारा आवाज भिंतीवर आदळतो तेव्हा तो भिंतीला हलवतो. हललेली भिंत पलीकडची हवा हलवते आणि शब्द पलीकडे पोहोचतो. भिंत जितकी वजनदार तितकी ती हलायला अवघड. वजन दुप्पट केले तर साधारण ५ ते ६ डेसिबल आवाज अधिक अडतो. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नसल्यामुळे १० डेसिबल घटले की कानाला आवाज सुमारे निम्मा झाल्यासारखा वाटतो. आपल्याकडे गवंडी जिला ‘चार इंची’ म्हणतात ती भाजलेल्या विटेची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह दर चौरस मीटरला अदमासे २५० किलो भरते. नव्या इमारतींत सर्रास वापरला जाणारा हलका एएसी ब्लॉक तेवढ्याच जाडीला, गिलावा धरून, १०० किलोच्या आसपास राहतो. इमारतीच्या सांगाड्यावरचा भार कमी होतो, काम लवकर उरकते, उष्णताही काहीशी अडते. हे सगळे फायदे खरेच आहेत. आवाजाच्या बाबतीत मात्र जाडी तीच दिसते आणि भिंत निम्म्याहून हलकी असते. जाहिरातीतल्या चित्रात हा फरक दिसत नाही. तो कळतो रात्री साडेदहाला, शेजारच्या खोलीतल्या बातम्या शब्दशः ऐकू येऊ लागतात तेव्हा.

यातला दुसरा मुद्दा फटीचा. १० फूट उंच आणि १० फूट लांब भिंतीत एक चौरस फूट जागा, म्हणजे केवळ शंभरावा हिस्सा, उघडी राहिली तर बाकीची भिंत कितीही भक्कम असो, ती सगळी मिळून २० डेसिबलपेक्षा अधिक अडवू शकत नाही. अडीच फूट रुंद दाराखालची अर्ध्या इंचाची फट म्हणजे त्याच भिंतीचा हजारावा हिस्सा. पण तेवढ्यानेही मर्यादा ३० डेसिबलवर येऊन थांबते. ३० डेसिबल अडवणाऱ्या भिंतीपलीकडचे मोठ्याने बोललेले बऱ्यापैकी समजते. ५० च्या आसपास गेलो तर ते बहुतेक ऐकूच येत नाही. आतल्या दारांना पूर्वी उंबरठा असे. तो काढून टाकला, फरशी एकसलग केली, वर पोकळ फ्लश दार बसवले, आणि वर आपण तक्रार करतो की ‘हल्लीच्या पिढीला कुणाचे काही सहनच होत नाही’.

तिसरा मुद्दा एका सार्वत्रिक गैरसमजाचा. आवाज नको म्हणून लोक भिंतीला स्पंज चिकटवतात, जाड पडदे लावतात, कुणी अंड्यांचे ट्रे ठोकतात. या मऊ गोष्टी खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतात, हे खरे. त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत त्यांचा उपयोग होतो. पण त्यांना वजन नसते, म्हणून पलीकडचा आवाज त्या अडवत नाहीत. अभ्यासिकेत पुस्तकांची कपाटे भिंतीला लावली की शांतता होते, हा आमच्या व्यवसायातला लाडका समज. पुस्तकांना वजन असते, पण कपाटाच्या चहूबाजूंना मोकळी जागा असते. तेव्हा फरक पडला तरी थोडाच. ग्रंथांच्या सहवासाचे अन्य लाभ आहेत, त्यांत हा मोजू नये.

आता चाळीकडे येऊ. मुंबई विकास खात्याने, म्हणजे बीडीडीने, १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे ज्या चाळी बांधल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत कुटुंब, पाहुणे, कधी गावाकडून आलेले गाववाले. अशा खोलीचे दार दिवसभर उघडे असे, कारण बंद ठेवणे शक्य नव्हते. ऐकू येणारा आवाज बव्हंशी गॅलरीतून, उघड्या दारातून येई. त्या आवाजाला चेहरा होता. भांडणारी बाई दिसत होती, तिला आपण ऐकतो आहोत हे तिलाही दिसत होते. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधला विनोद याच परस्परदर्शनावर उभा आहे. तिथे कुणी चोरून ऐकत नाही. सगळे उघडपणे ऐकतात आणि उघडपणे मत देतात.

फ्लॅटमध्ये दार बंद होते, गॅलरी जाते, आणि आवाज मात्र भिंतीतून येत राहतो. ऐकणारा दिसत नाही, बोलणाऱ्याला आपण ऐकले जात आहोत याची खात्री नसते, फक्त संशय असतो. चाळीत जे ऐकणे सार्वजनिक होते ते इथे चोरटे बनते. ‘भिंतीलाही कान असतात’ ही म्हण सावधगिरीची आहे, सलोख्याची नाही, हे आपण विसरतो. चाळीतल्या जवळिकीचे श्रेय द्यायचेच असेल तर ते गॅलरीला, सामाईक नळाला, एका गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या दिनक्रमाला द्यावे. पातळ भिंतीला ते देणे म्हणजे गळक्या छपराला पावसाळी कवितेचे श्रेय देणे.

आणि चाळीतही ही जवळीक सर्वांना सारखी लाभत नव्हती. नव्या जोडप्याने रात्री कुजबुजायचे कसे, विधवा बहिणीने रडायचे कुठे, दहावीच्या मुलाने पाठांतर केव्हा करायचे, या प्रश्नांची उत्तरे त्या जवळिकीत नव्हती. मुले रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करत, ही गोष्ट आपण जिद्दीचा दाखला म्हणून सांगतो. दिव्याइतकेच ते घरातल्या आवाजापासून पळणेही असणार, हे कुणी सांगत नाही. आणि त्या दिव्याखाली मुलगे बसत. मुली कुठे बसत?

लेखकाच्या एकांताबद्दल आमच्या अभ्यासक्रमांत पुष्कळ बोलले जाते. त्या एकांताचा खर्च कुणी उचलला हे मात्र फारसे विचारले जात नाही. थॉमस कार्लाइलचे उदाहरण घ्या. शेजाऱ्यांचे कोंबडे, पियानो, रस्त्यावरचे फेरीवाले यांनी वैतागून त्याने लंडनच्या चेल्सी भागातल्या आपल्या घराच्या माथ्यावर १८५३ साली आवाजबंद अभ्यासिका बांधायला घेतली. दुहेरी भिंती, भिंतीला खिडकी नाही, उजेड वरून छपरातल्या काचेतून. जवळचे काही आवाज अडले; पण दुरून येणाऱ्या, पूर्वी कधी लक्षातही न आलेल्या शिट्ट्या आणि भोंगे वरून आत येऊ लागले. बांधकामाच्या दृष्टीने ही फटीचीच गोष्ट आहे: चार भिंती दुहेरी आणि वरची बाजू कच्ची. तिथे बसून त्याने फ्रेडरिक द ग्रेटचे बहुखंडी चरित्र लिहिले, म्हणून ती खोली साहित्याच्या इतिहासात गेली. पण या सगळ्या काळात कोंबड्यांच्या मालकांशी वाटाघाटी कोण करत होते? जेन वेल्श कार्लाइल. शेजाऱ्यांच्या विनवण्या, कामगारांवर देखरेख, घरातल्या कामवाल्यांना दबक्या आवाजात वागायला लावणे, हे सगळे तिच्याकडे. तिची पत्रे आज इंग्रजीतल्या उत्कृष्ट पत्रलेखनात गणली जातात. तिच्यासाठी आवाजबंद खोली कुणी बांधली नाही.

मार्सेल प्रूस्तने पॅरिसमधल्या बुलव्हार ओस्मान रस्त्यावरच्या घरातली आपली निजायची खोली १९१० मध्ये बुचाच्या फळ्यांनी मढवून घेतली. ही खोली साहित्यातली बहुधा सर्वांत प्रसिद्ध आवाजबंद खोली असेल. पण बूच हा हलका पदार्थ आहे. तो घुमणे कमी करतो, पलीकडचे ठोकाठोकीचे आवाज अडवण्याची त्याची ताकद बेताची. १९१४ पासून प्रूस्तच्या घरी राहिलेल्या सेलेस्त अल्बारे हिच्या आठवणी १९७३ साली प्रसिद्ध झाल्या, त्या या संदर्भात वाचाव्यात. मालक दिवसा झोपतो म्हणून घराने दिवसाची रात्र करायची, त्याची घंटा वाजल्याशिवाय खोलीत पाऊल टाकायचे नाही, चालायचे तेही आवाज न होईल असे. त्या घरातली शांतता बुचाइतकीच सेलेस्तच्या पावलांनी राखलेली होती.

याच्या उलट टोकाला जेन ऑस्टिन. तिच्या भाच्याने १८७० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या चरित्रात एक आठवण दिली आहे. चॉटनच्या घरात ती सामाईक खोलीत लिहीत असे आणि तिथले एक दार उघडताना कुरकुरत असे. ते दुरुस्त करू नये असा तिचा आग्रह होता, कारण कुरकुर ऐकू आली की कुणी यायच्या आत कागद लपवता येत. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली बाईसाठी स्वतःची खोली मागताना ही आठवण मुद्दाम उचलली होती. पुरुष लेखक आवाज बाहेर ठेवण्यासाठी भिंती दुहेरी करतो. बाई आवाजालाच पहारेकरी नेमते. ज्यांना आपली खोली नसते त्यांना घरातला प्रत्येक आवाज ओळखावा लागतो: कुणाची चप्पल, कुणाचा खोकला, कुणी कडी काढली.

आपल्या घरांतून हे चित्र वेगळे आहे काय? ‘बाबा लिहिताहेत, दंगा करू नका’ हे वाक्य किती मराठी लेखकांच्या घरी उच्चारले गेले असेल! ते उच्चारणारी व्यक्ती बहुधा स्वयंपाकघरात उभी असे, आणि आपल्या हातातला खलबत्ताही तिने खाली ठेवलेला असे. मराठीत ‘शांतता’ हा शब्द नुसता स्थितिवाचक नाही, तो हुकूमही आहे. विजय तेंडुलकरांच्या १९६७ मधल्या नाटकाचे शीर्षकच त्या हुकमाने सुरू होते, आणि त्यातली लीला बेणारे, जी व्यवसायाने आपल्यासारखीच शिक्षक आहे, मोकळेपणाने बोलते ती शेवटच्या स्वगतात, जेव्हा बाकीची पात्रे निश्चल झालेली असतात. ऐकणारे थिजले तरच बाईला बोलता येते, हा त्या रचनेतला अर्थ आम्ही वर्गात उलगडून सांगतो. घरी आल्यावर मात्र आपल्या दोन खोल्यांमधल्या पडदीकडे आमचे लक्ष जात नाही.

आमचे लक्ष तिकडे गेले ते एका तोंडी परीक्षेमुळे. २०२० आणि २०२१ या वर्षांत अध्यापन आणि परीक्षा दोन्ही घराघरांतून झाल्या. आमच्यापैकी दोघांनी एम. ए. च्या एका विद्यार्थिनीची तोंडी परीक्षा घेतली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर ती बोलणार होती. पडद्यामागे जिन्याचा कठडा दिसत होता. ती इतक्या हळू बोलत होती की प्रश्न दोनदा विचारावे लागले. तिची उत्तरे त्रोटक येत होती. आम्ही गुणपत्रकात ‘विषयाची जाण आहे, आत्मविश्वास कमी’ असा शेरा लिहिला आणि त्याप्रमाणे गुण कापले. महाविद्यालय पुन्हा भरले तेव्हा तीच मुलगी वर्गात खणखणीत बोलली. एकदा सहज विचारले, तेव्हा म्हणाली, “मॅडम, वडील रात्रपाळी करून झोपलेले असायचे. मध्ये नुसती प्लायची पडदी आहे. जिन्यात बसले तरी शेजारच्या काकू दार उघडून बघायच्या, म्हणून तिथंही हळूच बोलायचे.”

या गोष्टीत खलनायक कुणी नाही. रात्रभर काम केलेल्या माणसाला झोप हवी, यात गैर काय? शिकणाऱ्या मुलीला आवाज हवा, यातही गैर काय? दोन न्याय्य गरजा एका पडदीच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. पडदीने आपले काम केले असते तर दोन्ही भागल्या असत्या. ते झाले नाही. मग मुलगी पडदी झाली आणि तिचे गुण आम्ही कापले. भिंतीने आवाज अडवणे याचा अर्थ केवळ ‘मला त्रास नको’ एवढाच होत नाही, हे आम्हाला तेव्हा उमगले. जो ऐकू इच्छित नाही त्याच्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, ती भिंत जो बोलू इच्छितो त्याच्यासाठी असते. माहेरी फोन करणारी सून, मोठ्याने कविता वाचून पाहणारा मुलगा, तबल्याचा रियाज करणारे आजोबा, ऐकू कमी येते म्हणून टीव्ही मोठा लावणारी आजी, या सगळ्यांना मोकळे करणारी गोष्ट म्हणजे वजनदार, फटी बुजवलेली भिंत.

यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप, ही श्रीमंतांची चैन आहे. वस्तुस्थिती उलट आहे. श्रीमंताकडे खोल्यांमध्ये अंतर असते. तो आवाजापासून दूर जाऊ शकतो. ज्याच्याकडे दोनच खोल्या आहेत, त्यालाच त्यांच्यामधली भिंत चांगली लागते. जागा जितकी कमी, तितका भिंतीवरचा भरवसा अधिक.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आमच्या एका सहकारी मैत्रिणीने घेतला. भिंतीतून किंकाळी ऐकू येते म्हणून शेजारी धावतात. भिंती जाड केल्या तर मार खाणाऱ्या बाईचे काय? हा प्रश्न बाजूला सारता येणार नाही. आम्हाला त्यावर दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. एक, या लेखात आम्ही मुख्यतः बोलतो आहोत ते एकाच घराच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीबद्दल. शिवाय साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे, किंकाळी त्याहून खूप मोठी. जी भिंत बोलणे गिळते ती किंकाळी सहसा पूर्ण गिळत नाही. दुसरे, ऐकू येणे आणि धावून जाणे यांत फार अंतर आहे. २००८ साली ‘बेल बजाओ’ ही मोहीम सुरू झाली, ती शेजाऱ्यांना ऐकू येत नव्हते म्हणून नव्हे. ऐकू येत असूनही ‘त्यांच्या घरातला मामला’ म्हणून लोक बसून राहत होते. त्यांनी उठून नुसती दारावरची घंटा वाजवावी एवढीच तिची विनंती होती. पातळ भिंतींनी आपल्याला पुष्कळ ऐकवले आहे. त्या मानाने आपण किती वेळा उठलो? तरीही मैत्रिणीच्या आक्षेपातला एक अंश शिल्लक राहतो, हे मान्य करतो. भिंत सुधारल्याने घर सुरक्षित होत नाही. ते काम कायद्याचे आणि शेजाराचे आहे आणि राहील.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा: आपल्या परंपरेत घरातल्या घरात आडपडदा नसतो. असे म्हणणाऱ्यांनी ‘आडपडदा’ हा शब्द कुठून आला याचा विचार करावा. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, बाहेर बसणे: आपल्या जुन्या घरात आडपडद्याखेरीज दुसरे होते काय? कोकणातल्या घरांत कुडाच्या भिंती होत्या, वाड्यांत लाकडी पडद्या होत्या. आवाज त्यांतून जाई. म्हणून तर पुरुषमंडळी ओटीवर मोठ्याने बोलत आणि माजघरातल्या बायका हळू. आवाजाची उतरंड घराच्या नकाशात आखलेली होती.

आता कायद्याचे पाहा. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. त्यांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शांततेने जगणे हा जीविताच्या हक्काचा भाग आहे आणि नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. ध्वनिक्षेपक, फटाके, कर्णे यांच्या संदर्भात हे फार मोलाचे ठरले. पण हे सारे घराबाहेरच्या आवाजाचे. घराच्या आतल्या भिंतीने किती आवाज अडवावा, यावर राष्ट्रीय इमारत संहितेत ध्वनिरोधनाचा स्वतंत्र विभाग आहे. मात्र संहिता मुळात शिफारसवजा, स्थानिक संस्थेने स्वीकारावी तेवढीच बंधनकारक. इंग्लंडमध्ये २००३ पासून नव्या घरातली शयनगृह आणि इतर खोली यांमधली भिंत प्रयोगशाळेच्या मोजणीप्रमाणे किमान ४० डेसिबल अडवणारी असावी लागते, आणि दोन घरांमधल्या भिंतींची तर बांधून झाल्यावर प्रत्यक्ष चाचणी होऊ शकते. तिथे सगळे आलबेल आहे असा आमचा दावा नाही. पण ‘आतली भिंत’ ही तिथे निदान नियमात बोलण्याजोगी वस्तू ठरली.

आपल्याकडे तिचा उल्लेख एका ठिकाणी ठळकपणे येतो: २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातल्या चटई क्षेत्राच्या व्याख्येत. त्या व्याख्येनुसार बाहेरच्या भिंतींखालची जागा वगळली जाते, पण घरातल्या आतल्या पडद्यांखालची जागा चटई क्षेत्रात धरली जाते. १० फूट लांबीची चार इंची भिंत साधारण सव्वातीन चौरस फूट जागा व्यापते. म्हणजे त्या भिंतीखालच्या जमिनीचे पैसे ग्राहक चौरस फुटाच्या भावाने मोजतो. ती भिंत कशाची आहे आणि किती आवाज अडवते, हे त्याला कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. फरशी कोणती, नळ कोणते, दाराला मूठ कोणती, याची यादी करारनाम्याला जोडलेली असते. त्या यादीत आतल्या भिंतीचा डेसिबलचा आकडा यावा, एवढी साधी मागणी साहित्यिकांनी, शिक्षकांनी, ग्राहकांनी करायला काय हरकत आहे?

तोवर बांधलेल्या घरात जे करता येते ते महाग असलेच पाहिजे असे नाही. सुरुवात दारापासून करावी: पोकळ दाराऐवजी भरीव दार, चौकटीला रबरी पट्टी, खाली उंबरठा किंवा दार लावल्यावर फरशीला टेकणारी पट्टी. मग भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड, पाइपांभोवतीची भोके, आणि भिंत छतापर्यंत न नेता फॉल्स सीलिंगपाशी थांबवली असेल तर ती वरची मोकळी जागा. हे सगळे बुजवावे. यानंतरही गरज असेल तर जुन्या भिंतीपासून थोडे अंतर सोडून, तिला न टेकणारा स्वतंत्र सांगाडा उभारावा, त्यात रॉकवूल भरावे आणि वर जिप्सम बोर्डाचे दोन थर सांधे चुकवून बसवावेत. खोलीची तीन-चार इंच जागा जाते. दोन्ही पापुद्रे एकमेकांना चिकटलेले नसले की एकाचे हलणे दुसऱ्यापर्यंत सहजी पोहोचत नाही. म्हणून भिंत दुप्पट जाड करण्यापेक्षा हा उपाय अधिक गुण देतो. मिक्सरचा किंवा खुर्ची ओढल्याचा आवाज मात्र स्लॅबमधून प्रवास करतो. त्याला भिंत पुरत नाही, खुर्चीच्या पायांना रबर आणि मिक्सरखाली जाड बैठक लागते.

साहित्याच्या टिपणात रबराच्या पट्ट्या आणि रॉकवूल कशाला, असे काहींना वाटेल. आम्हाला वाटते, हेच तपशील आपल्या समीक्षेतून गळाले म्हणून पातळ भिंतींचे ते गोंडस विधान इतकी वर्षे टिकले. कथेत घर आले की त्या घरात किती खोल्या आहेत, मधली भिंत कूड आहे, पडदी आहे की नऊ इंची आहे, आणि त्या भिंतीपायी कोण हळू बोलते, हे प्रश्न कथानकाइतकेच मूलभूत मानले पाहिजेत. ते विचारू लागलो तर चाळीवरचे आणि वाड्यावरचे पुष्कळसे ‘आत्मीय’ लेखन निराळे दिसू लागेल.

आणि वर्गात शिरण्याआधी आणखी एक प्रश्न शिक्षकांनी स्वतःला विचारावा. समोर बसलेल्यांपैकी किती जणांना घरी मोठ्याने वाचता येते? तोंडी परीक्षेच्या गुणपत्रकात ‘आत्मविश्वास’ असा रकाना अजूनही आहे. त्या मुलीच्या नावापुढे आम्ही लिहिलेला आकडा आता बदलता येत नाही. पुढच्या वेळी तो रकाना भरताना आमचा हात थोडा थांबतो, इतकेच.